आपल्या घरावरचा जांभळा ठिपका

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा शेजारी असले की तू फोनवर नुसती हं हं करतेस, म्हणून पत्रच बरं. कॉलेज अर्धवट सोडल्याबद्दल तू आजवर अकरा पत्रांत माझी खरडपट्टी काढली आहेस. बारावी नको.

पाट्यांच्या कारखान्यात बरं चाललंय. उस्तादांनी मला गिऱ्हाइकं शोधायला बसवलंय. त्यांची युक्ती ऐक. सरकारने सगळ्या जिल्ह्याचा नकाशा इंटरनेटवर टाकलाय. कुणी राहत्या घरात दुकान किंवा दवाखाना काढायची परवानगी मागितली, की त्या जागेवर नारिंगी ठिपका उमटतो. त्यावर बोट ठेवलं की अख्खा अर्ज समोर. नवं दुकान म्हणजे नवी पाटी! मी रोज सकाळी ठिपके वेचतो.

परवा आपली गल्ली उघडली. खोटं कशाला सांगू, समोरचं शिंपीकाकांचं घर बघायला. वरून निदान त्यांच्या मुलीची गच्ची तरी दिसते. तर गच्चीवर नारिंगी ठिपका! अर्ज शिंपीकाकांचा, तळमजल्यावर 'उपचार केंद्र'. तिला डॉक्टरचं स्थळ आल्याचं तूच लिहिलं होतंस ना? म्हणजे जावईबापू खाली दवाखाना थाटणार, आणि मला कुणी एका शब्दाने कळवलं नाही. असो. मला जे करायचं ते मी करून मोकळा झालोय. खोदून विचारू नकोस.

बाबांना नमस्कार सांग, घेत असतील तर. तुझा लोभ मुळातच बेताचा, त्यात कपात नको.

तुझा,
तडतड्या

१५ मार्च

चि. तडतड्यास,
अ. उ. आ.

गल्लीत आक्रीत घडलंय. शिंपीकाकांच्या अर्जावर कुणीतरी हरकत घेतली. गल्ली अरुंद आहे, गाड्यांची गर्दी होईल, त्यांच्या दाराची तिसरी पायरी खचलीय, पेशंट पडतील, असं काय काय लिहिलंय. हरकत फक्त त्याच गल्लीतल्या घराला घेता येते म्हणे. नाव दिसत नाही, पण हरकत घेणाऱ्या घरावर जांभळा ठिपका येतो. तो आपल्या घरावर आहे.

आता नीट बसून वाच. डॉक्टरचं स्थळ तिने जानेवारीतच परत पाठवलं. केंद्र तिचं स्वतःचं आहे. उशिरा बोलणाऱ्या, अडखळणाऱ्या मुलांना बोलायला शिकवायचं शिक्षण तिने पुरं केलंय. परवानगी मिळाली नाही तर दूरच्या इस्पितळातली नोकरी धरून ती जाईल. त्यांना एकतीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय. मला म्हणाली होती, इथेच राहिले तर तुझ्या भावाचंही बघू, त्याचं डोकं थंड झालं तर. तू आलास की सांगणार होते. वेडी मी.

शिंपीकाका बाबांच्या किल्ल्यांच्या दुकानात आले. वीस वर्षं एका किटलीतला चहा प्यायलो आणि शेवटी हे, एवढंच म्हणाले. बाबा कुलपाची किल्ली घासत होते. त्यांनी कानस खाली ठेवली आणि म्हणाले, हो, हरकत माझीच. ज्या माणसाला नकाशा कशाशी खातात ते ठाऊक नाही, तो माणूस! तेव्हापासून समोरून किटली येत नाही.

तिसऱ्या पायरीवर तासन्‌तास कोण बसायचं, ते मला ठाऊक आहे. बाबांनाही. सुनावणी २८ ला सकाळी अकराला.

तरीही तुझीच,
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
नमस्कार लिहायला हात धजत नाही.

हो, मीच. अर्जात घराचा क्रमांक विचारला आणि मी आपला टाकला. मला वाटलं नुसता आकडा, कोण बघतंय! पाच मिनिटांचं काम. तेवढ्यात बाहेरून हाक आली, तर मी शीळ घालत गेलो. त्या शिळेचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

हरकत पत्राने मागे घेता येईल का, ते विचारलं. म्हणाले, सुनावणीला उभं राहून सगळ्यांसमोर सांगावं लागेल. ताई, शिंपीकाकांसमोर, तिच्यासमोर मी काय सांगू? जळफळाट झाला म्हणून? तूच काहीतरी सांगून वेळ मारून ने ना. नाही, नको नेऊस. काय लिहितोय मलाच कळत नाही.

तुझा,
त.

२२ मार्च

चिरंजीवास आशीर्वाद.

तू येऊ नकोस. ताई काही बोलली नाही, मला पायरीवरून कळलं. तू कॉलेज सोडलंस तेव्हा एकदा गल्लीत बोभाटा झाला, आता दुसरा नको. हरकत मी मागे घेईन. माझ्यावर लोक किती दिवस राग धरतील? तुला मात्र अजून सगळं आयुष्य काढायचंय. वेळेवर जेवत जा.

बाबा

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू त्या दिवशी कचेरीच्या दाराबाहेर राहिलीस, म्हणून आतलं लिहितो.

बाबांच्या पत्राने मला झोपू दिलं नाही. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो. 'वेळेवर जेवत जा' याला काय उत्तर देणार?

आत पोचलो तर बाबा पहिल्या रांगेत. अंगात शिंपीकाकांनीच शिवलेला सदरा. साहेबांनी आपल्या घराचा क्रमांक पुकारला आणि आम्ही दोघेही उभे राहिलो. बाबा मागे न बघताच म्हणाले, बस खाली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं न ऐकल्याचं मला वाईट वाटलं नाही. मी सांगितलं, हरकत माझी आहे, यांना काही माहीत नव्हतं. गर्दीचं, गाड्यांचं सगळं रचलेलं, रागाने लिहिलेलं. साहेबांनी विचारलं, राग कुणावर? म्हटलं, जो माणूस येणारच नव्हता त्याच्यावर. कुणीतरी हसलं. ती हसली नाही.

परवानगी मिळाली, पायरी दुरुस्त करून कठडा लावायच्या अटीवर. बाहेर शिंपीकाकांनी बाबांच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि दोघे मला मागे टाकून चालू लागले. ती माझ्यापाशी थांबली. म्हणाली, पायरीचं तेवढं खरं होतं. आणि गेली.

तिने इस्पितळाला नकार कळवल्याचं तू लिहिलंस. पण 'भावाचंही बघू' याबद्दल काही लिहिलं नाहीस. मीही विचारत नाही.

काल उस्तादांच्या यादीत आपल्या गल्लीचा पत्ता होता. फोन मलाच करावा लागला. तिने पाटी सांगितली: अक्षरं मोठी हवीत, मुलांना वाचता येतील अशी. मला सगळा वेळ 'तुम्ही' म्हणत होती. अक्षरं मीच कापतोय. दोनदा बिघडवली.

नकाशावर तिच्या घराचा ठिपका हिरवा झालाय. आपल्या घरावरचा जांभळा तसाच आहे. त्यावर बोट ठेवलं की 'हरकत, मागे घेतली' असं येतं. तो पुसता येतो का, ते विचारलं. म्हणाले, नोंद पुसत नाहीत. आता रोज सकाळी कामाला लागताना आधी तोच उघडतो.

किटली पुन्हा यायला लागली का, तेवढं कळव. लोभाचं तू बघ, मागायचं तोंड मला नाही.

तुझा भाऊ