मच्छिंद्रचा सत्कार

काजळखेडा, ता. बदनापूर
२ जानेवारी २०२५

चि. संघपाल यास,
आत्याचा सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

पत्र लिहिण्यास कारण की, तुमच्या व्यसनमुक्ती केंद्रात मोबाइल चालत नाही आणि पत्र चालतं, हे ऐकून मला मनातून बरंच वाटलं. जन्मभर शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवलं. खरं पत्र लिहायची वेळ मात्र आता आली, तीही भाच्याची दारू सुटावी म्हणून. असो. जेवण बराबर मिळतं का? झोप लागते का? हाताची थरथर कमी झाली का ते आधी कळव.

इकडची बातमी अशी की, तू गेलास आणि तुझ्या पाठोपाठ गावात व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण आलं. जिल्ह्याहून माणसं आली होती. समाजमंदिरात वर्ग भरले. समोरच्याचं ऐकून कसं घ्यायचं, मधेच उपदेश कसा करायचा नाही, कुणी फार उदास दिसलं तर त्याला कुठल्या दवाखान्यात न्यायचं, असं सगळं शिकवलं. खोटं कशाला बोलू, शिकवलं चांगलं. सकाळी पोहे होते, त्यामुळे हजेरी भरगच्च. साठ जणांना प्रमाणपत्रं मिळाली. त्यात मी आहे आणि आपली सूनबाई साक्षीही आहे.

शेवटच्या दिवशी सरावासाठी एक दारुडा पाहिजे होता. आपल्या गावातले नामांकित लोक पहिल्याच रांगेत हाताची घडी घालून बसलेले, पण एकेक जण उठून सांगतो की आपण थेंबाला शिवत नाही. मंग दारुडा आणायचा कुठून? शेवटी पिठाच्या गिरणीवाला मच्छिंद्र उठला. तो चहासुद्धा पीत नाही, तुला माहीतच आहे. पण गड्यानं काय काम केलं! डोलत आला, नसलेल्या दाराची नसलेली कडी खडखडा वाजवली, पोरीच्या नावानं हाक मारली आणि उंबऱ्यावरच बसला. लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली.

आता तुझ्यापासून काय लपवायचं. नक्कल तुझी होती. उद्या दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. सगळे हसले, साक्षी हसली नाही. तिनं प्रमाणपत्र घेतलं आणि घरी जाऊन भाकरी टाकायला बसली.

प्रकृतीला जप. पत्राला उत्तर आलं नाही तर मी स्वतः येऊन कान पिळीन.

तुझी
बेबीनंदा आत्या


जालना
९ जानेवारी २०२५

ती. बेबीआत्यास,
संघपालचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. हाताची थरथर थांबली आहे. आता दाढी माझी मीच करतो. झोप पहाटे लागते, पण लागते.

इथं आम्हाला नाही म्हणायला शिकवतात. सर पाण्याचा ग्लास पुढे धरून, आपण जुने दोस्त, आज एकच घे, म्हणून गळ्यात पडतात आणि आम्ही नाही म्हणायचं. सकाळ-संध्याकाळ हाच सराव. त्याचा परिणाम असा झाला की परवा स्वयंपाकी दुसरी भाकर वाढायला आला, तर अख्ख्या पंगतीनं हात जोडून नाही म्हटलं. तो बिचारा स्वयंपाक बिघडला समजून रडकुंडीला आला. अंबडच्या एका माणसानं तर डॉक्टरांची गोळीही नाकारली. आता सरांनी हो म्हणायचा वेगळा तास ठेवला आहे.

मच्छिंद्रचं वाचून पहिल्यांदा अंगाची लाही लाही झाली. वाटलं, गिरणीतच जाऊन त्याला धरावं. मंग शांत झाल्यावर वाटलं, की माझं ते सोंग अख्ख्या गावानं पाहिलं, फक्त मीच पाहिलेलं नाही. आत्या, तो कडी वाजवतो तेव्हा लोकांना नक्की कशाचं हसू येतं? खरंच विचारतो.

साक्षीला मी दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. तिचं काही चुकत नाही. पण ती माझ्याबद्दल काही बोलली का? रागानं बोलली असली तरी लिही.

मला २८ तारखेला सोडणार आहेत. एमआयडीसीतल्या आमच्या रोलिंग मिलचे सुपरवायझर परत घेतो म्हणाले आहेत. मी असं ठरवलंय की संध्याकाळच्या गाडीनं बदनापूरला उतरायचं, फाट्यापर्यंत रिक्षा, आणि पुढं पायी. ड्युटी करून माणूस घरी येतो तसं घरी यायचं. बाकी मला काही नको.

तुझा
संघपाल


काजळखेडा
११ जानेवारी २०२५

चि. संघपाल यास,
अ. उ. आ. आणि जयभीम.

तू ड्युटीवरून आल्यासारखा घरी येणार हे वाचून डोळे भरून आले. पण बाबा, गाव तुला तसं येऊ देईल असं दिसत नाही. सगळं सविस्तर लिहिते.

गावात आता साठ ऐकणारे झाले आहेत आणि बोलणारा कुणी नाही. प्रमाणपत्र वापरायची सगळ्यांना भारी घाई. कुणी गप्प बसलेला दिसला की दोघं जण दोन्ही बाजूंनी येऊन बसतात आणि मायेनं विचारतात की आत्ता तुम्हाला काय वाटतंय. देवळापाशी ऊन खात बसलेल्या कल्याणकाकांना एकाच सकाळी तिघांनी विचारलं. त्यांना लघवीला जावंसं वाटत होतं, पण कुणी उठू देईना. आता गप्प बसायची सोयच राहिली नाही. लोक एकटे असले तरी मोठमोठ्यानं गाणी म्हणत चालतात.

सगळ्यात हाल साक्षीचे. गावात दुःखी बाई म्हणून पहिला नंबर तिचा, त्यामुळे सगळी रीघ तिच्याकडे. उपदेश करायचा नाही असं शिकवल्यामुळे नुसत्या बसतात, मान हलवतात, हुं हुं म्हणतात आणि चहा पिऊन जातात. चहा करणार साक्षी. परवा दैवशालाबाई तिचं ऐकायला म्हणून आल्या आणि स्वतःच्या सुनेचं रडगाणं दिवेलागणीपर्यंत सांगून, मन हलकं झालं म्हणत निघून गेल्या. साक्षीजवळही प्रमाणपत्र आहे ना, ती बिचारी नाही कशी म्हणणार!

मदतीचा फोन नंबर मोठ्या अक्षरात शाळेच्या भिंतीवर लिहायचा होता. राजानंद पेंटरनं तो लिहिला आणि खाली आपलाही नंबर टाकला, जाहिरात म्हणून. त्याचा नंबर जास्त ठसठशीत आला. तेव्हापासून रात्री-अपरात्री दुःखी माणसं राजानंदला फोन लावून राह्यली. तो सगळ्यांचं ऐकून घेतो, खरा नंबर सांगतो आणि जाता जाता घराला रंग द्यायचा आहे का तेही विचारतो.

आता मुख्य गोष्ट. बरा होऊन आलेल्या माणसाचा गावानं स्वीकार करावा असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. त्यासाठी गावात आमची एक समिती नेमली, तिनं त्याचा अर्थ असा लावला की तुझा जाहीर सत्कार करायचा. फाट्यापासून मिरवणूक, बँडबाजा, शाल, श्रीफळ आणि तुझं मनोगत. स्टेज आणि माईक असल्याशिवाय स्वीकार कसा होणार, असं उपसरपंचांचं म्हणणं. फ्लेक्स छापून आला आहे. तुझा धड फोटो कुणाकडं नव्हता. सूरजच्या हळदीतला एक निघाला, त्यात तुझ्या हातात बाटली. फ्लेक्सवाल्यानं बाटली पुसून तिथं गुलाबाचं फूल बसवलं आहे. पण फूल तू बाटलीसारखंच धरलेलं दिसतं. आणि बँडवाले कोण ठरवले, तर ज्यांना दोन घोट पोटात गेल्याशिवाय सूर सापडत नाही, ते.

मी समितीत एकटी भांडले. माझं सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं, मान हलवली, हुं हुं म्हटलं आणि ठराव पास केला.

साक्षी तुझ्याबद्दल काही बोललेली नाही. उगाच आशेला लावत नाही. पण तुझी दोन्ही पत्रं तिनं तुमच्या पोरीच्या, आकांक्षाच्या पुस्तकांच्या कपाटात नीट ठेवली आहेत, एवढं मी पाहिलं.

माया आहेच, ती इथून पुढंही राहील.

तुझी
आत्या


जालना
१४ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
जयभीम. वि. वि.

सत्कार होणार असेल तर मी येत नाही. सरळच लिहितो. इथला एक जण पुण्याकडं कारखान्यात लावून देतो म्हणतोय, मी तिकडं जाईन.

आत्या, मी पीत होतो तेव्हा माझी वरात गावानं रोज पाहिली. आता न पिण्याचीही वरात कशाला? उद्या शाल घेतली की परवापासून साठ माणसं माझ्या तोंडाचा वास घ्यायला येतील. मी नुसता ठेच लागून अडखळलो तरी गावभर होईल. मला स्वतःचीच खात्री न्हाई. इथं सर सांगतात की फक्त आजचा दिवस बघायचा. फ्लेक्सवर आजचा दिवस छापतात का? त्यावर तर कायमचा मुक्त असं लिहिलं असेल. मी कायमचं बोलायला बिलकुल तयार नाही. मला भीती वाटते. हे मी पहिल्यांदा कुणाला तरी लिहून राह्यलो.

आणि साक्षीनं नको म्हटलं तर मी कुणासाठी त्या स्टेजवर चढू? ती एकदा ये म्हणाली तर फाट्यावरून रांगत येईन.

तुझा
संघपाल


काजळखेडा
२४ जानेवारी २०२५

चि. संघपाल यास,
आत्याचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पुण्याला जायचं नाव काढू नकोस. रस्ता मोकळा झाला आहे. कसा झाला ते ऐक.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी समितीसमोर उभी राहिले आणि भांडणं सोडून मास्तरीण झाले. म्हटलं, एवढा मोठा कार्यक्रम, जिल्ह्याचे पाहुणे येणार, आणि रंगीत तालीम नाही? शाळेच्या गॅदरिंगलाही आम्ही तालीम करतो. ते पटकन पटलं. मंग म्हटलं, तालमीत संघपालच्या जागी मच्छिंद्र उभा करा, त्याला पार्ट पाठ आहे. तेही पटलं. मग हळूच म्हटलं, पाहुण्यांना रविवारच्या तालमीलाच बोलवा. खरा पिणारा माणूस ऐनवेळी कसा येईल सांगता येत नाही, मच्छिंद्र बरा होऊन येणार याची गॅरंटी आहे. उपसरपंचांनी मला तिथल्या तिथं शाबासकी दिली.

रविवारी काय थाट होता म्हणून सांगू! बँडवाले डुलत डुलत पुढं, मागं बैलगाडीत मच्छिंद्र, आणि वर फ्लेक्सवर तुझा फोटो, खाली चिकटपट्टी लावून मच्छिंद्रचं नाव. पाहुण्यांनी शाल घातली. मनोगताला माईक हातात आला आणि मच्छिंद्रला काय झालं कोण जाणे, तो खरंच रडायला लागला. दारूनं माझ्या संसाराची माती केली, माझ्या बायकोनं फार सोसलं, म्हणाला. पाहुण्यांनी डोळे पुसले. त्याची बायको सोनूबाई बायकांत बसली होती, ती उठून उभी राहिली आणि विचारू लागली की हे कधी पीत होते, मला का नाही सांगितलं. तिला चौघींनी खाली बसवून तिचं ऐकून घेतलं.

पाहुण्यांनी कागदावर लिहून नेलं की काजळखेड्यात एक जण व्यसनमुक्त. समितीचं काम फत्ते झालं, मांडव उतरला, आता २८ तारखेचं कुणाच्या ध्यानातही नाही. सगळं गाव मच्छिंद्रवर नजर ठेवून आहे. तो दळण देताना शिंकला तरी लोक एकमेकांकडं बघतात. साठच्या साठ ऐकणारे सोनूबाईच्या ओसरीवर. मच्छिंद्रचे सासरेबुवा मुलीला न्यायला येऊन गेले. मच्छिंद्र मला भेटून म्हणाला की बाई, मी कधी प्यालोच न्हाई, हे तुम्ही तरी सांगा. मी सांगितलं, पण सगळ्यांचं म्हणणं पडलं की पिणारे असंच म्हणतात. त्याचं मला निस्तरावं लागेल. तू एकदा घरी स्थिर हो, मग दोघं मिळून निस्तरू.

साक्षीच्या घरात आता शांतता आहे. काल ती आपणहून माझ्याकडं आली आणि सोबतचं पाकीट देऊन गेली. भाताच्या शितानं चिकटवलेलं आहे. मी उघडलेलं नाही. उघडावंसं फार वाटलं, हे मात्र खरं.

बोलावणं आलं तर ये, आणि नाही आलं तरी माझ्या घरी ये. माझं दार तुझंच आहे.

तुझी
आत्या


(सोबतचं पत्र)

काजळखेडा
२३ जानेवारी

आकांक्षाच्या पप्पांना,
जयभीम.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. लिहायला वेळ नव्हता, घरात सारखं कुणी ना कुणी माझं ऐकायला बसलेलं असायचं.

मच्छिंद्रभाऊंनी तुमची नक्कल केली ते आत्यांनी कळवलं असेलच. हुबेहूब केली. फक्त एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती. कडी वाजवायच्या आधी तुम्ही बराच वेळ दाराबाहेर नुसते उभे राहायचे. मी आतल्या बाजूनं उभी असायची. मला दर वेळी वाटायचं, आज हा माणूस शुद्धीवर येऊन दोन शब्द बोलेल. मग कडी वाजायची. हे गावात कुणालाच माहीत नाही, त्यामुळे त्यांना हसू आलं.

एकदा मन फार भरून आलं म्हणून भिंतीवरच्या नंबरावर फोन लावला. राजानंदभाऊंनी उचलला. ते म्हणाले, वहिनी, मी पेंटर आहे, पण बोला. मी ठेवून दिला. साठ जणांनी विचारलं तुला काय वाटतं. एकालाही सांगितलं नाही. मला ज्याला सांगायचं होतं तो माणूस त्यांच्यात नव्हता.

२८ ला कडी लावणार नाही. दार नुसतं लोटलेलं असेल. पण आत आल्यावर मनोगत सांगू नका. आधी माझं ऐकायचं. मी चांगलं सांगणार नाही आणि जल्दी संपणारही नाही. मधेच उठून जायचं नाही. आकांक्षाला काही कबूल करायचं नाही, ती आता मोठी झाली आहे, लक्षात ठेवते. एवढं जमणार असेल तर या.

साठ जणांना चहा मीच केला. त्या दिवशीचा चहा तुम्ही करायचा.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात. ते मी तुम्ही आल्यावर बघीन.

साक्षी

ता. क. दूध आणून ठेवते.