हिरवा ठिपका

प्रिय शाहनवाज,

फोनवर मी तुटक बोलतो म्हणतोस. आवाज चढला असता आणि शेजारच्या खोलीत अम्मीला ऐकू गेलं असतं, म्हणून लिहितोय.

गेल्या ईदला तू सांगलीला आलास, तेव्हा जेवताना तुझं काम समजावून सांगत होतास. तुमच्या अ‍ॅपवर लाइव्ह बघणाऱ्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसतो. माणूस मोबाइल तसाच टाकून निघून गेला तरी तुम्ही तो ठिपका विझू देत नाही, म्हणजे दाखवणाऱ्याला वाटतं, सगळे बसून आहेत. ही कल्पना तुझीच, हेही सांगितलंस. हळदीच्या सौद्यात गिऱ्हाईक नसताना बोली दाखवली, तर दुसऱ्या दिवशी दुकानात कुणी पाय ठेवायचं नाही, असं अब्बा म्हणाले होते. आपण सगळे हसलो.

अब्बा सकाळी गेले आणि दुपारी अस्रच्या नमाजानंतर दफन ठरलं. बेंगळुरूहून तू पोहोचणं शक्य नव्हतं, त्याचा मला राग नाही. आमच्या अ‍ॅपवर लाइव्ह लावा, मी शेवटपर्यंत बघतो, असं तूच म्हणालास. आपल्यात बायका कबरस्तानात येत नाहीत. अम्मीलाही घरून दिसेल, म्हणून मी हो म्हटलं. शेजारच्या यासीनने मोबाइल धरला. अब्बांच्या दुकानातले हमाल नाथाजी माती द्यायला आले होते. ‘धाकटं कुठं हाय?’ त्यांनी विचारलं. ‘मोबाइलात हाय की. बघतोय,’ यासीन म्हणाला. ‘मग मूठभर माती बी मोबाइलातनंच टाकणार व्हय?’ मी कबरीत उतरलो होतो. वर बघायचीही मला लाज वाटली.

घरी काय झालं ते अम्मीजवळ बसलेल्या नूरीनने सांगितलं. अब्बांना खाली घेताना अम्मीला बघवेना. तिने मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाली, ‘माझा शाहनवाज बघतोय. तो सांगेल मला.’ तुझ्या नावापुढचा ठिपका तिने पाहिला होता.

कबरस्तानातून बाहेर पडताच मी तुला फोन केला. मीटिंगमधून आत्ताच सुटलो, दफन झालं का, असं तू विचारलंस. यासीनच्या हातातल्या मोबाइलवर तेव्हाही तुझं नाव हिरवंच होतं.

मी दफनाचं सांगू गेलो तर अम्मी मला थांबवते. म्हणते, ‘तू कबरीत रडत होतास, तुला काय दिसणार? शाहनवाजने सगळं बघितलंय.’ चाळिसाव्याला तू येशील तेव्हा ती तुला जवळ बसवून विचारणार आहे, की अब्बांचा चेहरा किब्ल्याच्या दिशेला नीट वळवला होता का, कबरीवर फळ्या कुणी लावल्या, पहिली माती कुणी दिली. मी इथे सगळं लिहून दिलं, तर तू पाठ करून येशील आणि तिला ते खरंही वाटेल. म्हणून यातलं एक अक्षरही मी तुला सांगणार नाही. तू तिथे नव्हतास, हे तुझ्या तोंडून तिला सांग. माझ्यादेखत खोटं बोललास, तर या वेळी मी आवाज चढवेन.

तुझाच,
याकूब