दोन दाढा, एक हेलन

३ मार्च १९९८
ऑपरेशन झालं. दाढेखालचं हाड झिजलं होतं. डॉ. ज्ञानदांनी हिरडी उघडून हाडाची पूड भरली. आता नवं हाड धरेल म्हणे. समोरच्या फ्लॅटमधल्या हेलन टीचरचंही आजच झालं. तीच दाढ! बोळिंजमध्ये माझं एकटीचं असं काही राहूच देत नाही बाई.
डॉक्टर म्हणाल्या, खरा निकाल पाच वर्षांनी. दर तीन महिन्यांनी साफसफाईला या आणि मशेरी बंद करा.
बंद. आजपासून.

२० मार्च
थोडी लावली. मशेरी म्हणजे काही तंबाखू नव्हे, भाजलेला असतो तो. शिवाय हिरडीला मालिश. आईने जन्मभर लावली, तिचे दात शेवटपर्यंत टिकले. म्हणजे पन्नाशीपर्यंत.

७ सप्टेंबर
एक्स-रे. दोघींचं हाड भरतंय. डॉक्टर हेलनला 'फर्स्ट क्लास' म्हणाल्या, मला 'बरंय'. ती आधी आत गेली, चांगला शब्द तिच्यावरच संपला.

११ जानेवारी १९९९
साफसफाईला गेले नाही. वेटिंगमध्ये हेलन असते. आमचे हे, श्रीरंग, म्हणाले, टीचर रोज दातांच्या फटींत बारका ब्रश घालतात, शिक जरा. त्यांना आठवडाभर अळणी आमटी.

१६ मे २००१
हेलनने अर्नाळ्याचे सुके बोंबील भाजून आणले. दारातच त्या दाढेने कुडुम कुडुम. म्हणाली, खा गो सरोजिनी, तुझी पन दाढ नवीनच ना? माझी हलते हे तिला कशाला कळू द्या? म्हटलं, उपास आहे. बुधवारी.

२ फेब्रुवारी २००३
पाच वर्षं होत आली. डॉक्टर एक केस परिषदेत दाखवणार. मीच असणार. तयारी सुरू: मालिश दिवसातून तीनदा.

४ मार्च २००३
दाढ काढली. हेलनचं हाड जागच्या जागी. माझं ऑपरेशनच्या आधीपेक्षाही खाली. डॉक्टरांनी विचारलं, साफसफाईला का नाही आलात? म्हटलं, लांब पडतं. दवाखाना आमच्याच बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर.
माझाही एक्स-रे परिषदेत जाणार आहे. हेलनच्या शेजारी, 'काय करू नये' म्हणून.
संध्याकाळी हेलन मऊ पेज घेऊन आली. सोबत बारक्या ब्रशांचं पाकीट. म्हणाली, ऱ्हायलेल्या दातांना वापर गो.
ऱ्हायलेल्या!
मशेरी उद्यापासून बंद.
पेजेत मीठ अगदी नेमकं होतं. तेही तिलाच जमायचं होतं.