दवाखान्याचा आठवडा

प्रिय सूनबाई,

हा शब्द वाचून तुला हसू आलं असणार. पडद्यावर मी तो इतक्या वेळा दातओठ खाऊन म्हटलाय, की मायेनं म्हटला तरी मागे ढोल वाजल्यासारखं वाटतं असं तूच म्हणायचीस. पण दुसरं काही सुचेना. फोनच केला असता, पण फोनवर तू रडायला लागतेस आणि मग मी मुद्दा सोडून तुझी समजूत काढत बसते. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही, हा त्याचा मोठा फायदा. तेव्हा पत्र हातात पडेल त्याच दिवशी चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

आधी इकडची खबर. मालिकेत मी करते ती सासू अजून तशीच खाष्ट आहे. परवा भाजीवालीनं टोमॅटो तोलता तोलता मला चार शब्द सुनावले. म्हणाली, पोरगी सोन्यासारखी आहे, हात तुमच्या मुलाचा सुटतो आणि बोल तिला का लावता? मागे उभ्या असलेल्या दोघींनी माना डोलावल्या. ती बिचारी दुपारी दोनला लागणाऱ्या मालिकेतल्या मुलाबद्दल बोलत होती. मी मान खाली घालून पिशवी उचलली आणि घरापर्यंत ते वाक्य माझ्या बरोबरीनं चालत आलं. टोमॅटो मात्र तिनं चांगले निवडून दिले होते.

तू गेल्यापासून मालिका बघत नाहीस, म्हणून थोडक्यात सांगते. यंदा वाहिनीला सामाजिक विषय हवा होता. आमच्या लेखिकेनं, त्या कुरळ्या केसांच्या मुलीनं, नवऱ्याची मारहाण हा विषय घेतला आणि फार नेटानं लिहिला. नायिका घर सोडते, एका छापखान्यात नोकरी धरते, भाड्याची खोली घेते. पडद्याच्या तळाला मदतीचा नंबर दाखवायचे. बायकांचे इतके फोन आले की वाहिनीच्या साहेबांनी सेटवर केक कापला. पण नायकाच्या गालाला खळी पडते गं. तीन महिन्यांत लोक मार विसरले आणि खळी लक्षात राहिली. दोघांना एकत्र कधी आणताय, अशी विचारणा सुरू झाली आणि निर्मात्यानं दवाखान्याचा आठवडा लावायला सांगितला.

हे आमच्या धंद्यातलं नाव. नायक फार बिघडला, पण त्याला नायकच ठेवायचं असलं की त्याला गाडीखाली घालतात. सोमवारी अपघात, मंगळवारी शुद्धीवर येऊन मोठं भाषण, बुधवारी आई सुनेच्या दारात पदर पसरते, शुक्रवारी सून उशाशी बसलेली. डोक्याची पट्टी कायम भुवईच्या वर, कारण डोळे दिसले पाहिजेत. मी असे आठवडे किती केले ते आता आठवतही नाही. पदर पसरण्यात माझा हात धरणारी कुणी नाही, असं लोक म्हणतात. आणि या आठवड्याचा एक नियम आहे, तो नीट वाच. नायकानं काय केलं ते नायकानं कधीच उच्चारायचं नाही. ‘माझं चुकलं’ म्हणायचं, ‘मी बदललोय’ म्हणायचं, ‘एक संधी दे’ म्हणायचं. ‘मी मारलं’ म्हणायचं नाही. एकदा तो शब्द त्याच्या तोंडून आला की बघणाऱ्याला सगळं पुन्हा दिसतं आणि मग पट्टीचा उपयोग होत नाही.

आता घरचं. तुझा नवरा ऑफिसच्या जिन्यावरून घसरला हे तुला कळलंच आहे. पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. डॉक्टर म्हणतात, हाड सरळ जुळतंय, काळजीचं कारण नाही. मी त्याला आंघोळ घालते, उशा लावते, रात्री तहान लागली तर उठते. लहानपणी गोवर आला होता तेव्हा असाच माझ्या मनगटाला धरून झोपायचा. पोटचा गोळा आहे, त्याला दुखलं की मला दुखतं, हे तुझ्यापासून काय लपवायचं? दिवसभर तो बाहेरच्या खोलीत पडून असतो आणि करमत नाही म्हणून टीव्ही लावतो. इतक्या वर्षांत आईचं काम बघायला त्याला वेळ झाला नव्हता. आता रोज दुपारी दोनला न चुकता मला बघतो.

मंगळवारी संध्याकाळी तुझा फोन आला. त्यानं तुला आवाजाचा निरोप पाठवला होता आणि तो तू मला वाजवून दाखवलास. ‘तू गेल्यापासून या घराला छप्पर आहे, पण घर नाही. माझं चुकलं. मी बदललोय. मला फक्त एक संधी दे.’ तू रडत म्हणालीस, अहो आई, हे असं कधी बोललेच नव्हते आजवर. मग म्हणालीस, या नाही, पुढच्या रविवारच्या गाडीनं येते. मी एवढंच म्हटलं, ऐकलं मी. तुला वाटलं असेल, मला भरून आलं.

सूनबाई, तो असं कधीच बोलला नव्हता हे अगदी खरं. ती वाक्यं त्याची नाहीत. छप्पर आणि घर हे आमच्या लेखिकेनं कँटीनमध्ये सँडविच खाता खाता लिहिलं, मी समोर बसले होते. खळीवाल्या नटाला ते जमेना, म्हणून मीच त्याला म्हणून दाखवलं, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा. मंगळवारी दुपारी ते दाखवलं गेलं आणि दिवेलागणीला तुझ्या फोनवर पोचलं, माझ्या थांब्यांसकट.

तरी मी म्हटलं, शब्द उसने असतील, मन खरं असेल. माणसाला बोलता येत नाही म्हणून तो दुसऱ्याचं बोलतो; मी आयुष्यभर त्यावरच पोट भरलंय. तेव्हा बुधवारी सकाळी त्याची दाढी करून दिली, तोंड पुसलं आणि समोर बसून विचारलं, “तू तिला काय केलंस, ते एकदा तुझ्या तोंडानं सांग.” तो टीव्हीकडे बघत राहिला. टीव्ही बंद होता. मग म्हणाला, “आता ते कशाला उकरून काढायचं, आई? पाय बघ ना माझा.” पुढे म्हणाला, तिचाही स्वभाव काही कमी नाही, टाळी एका हातानं वाजत नाही. मी दाढीचं पाणी ओतून दिलं.

टाळीचं मला माहीत नाही, मी बोटं बघितली होती. तुला आठवतं ना, तू माझी खालची कवळी बसवून बघत होतीस, तू कामाला होतीस त्या दातांच्या लॅबच्या खुर्चीवर. दोन्ही हात माझ्या तोंडाशी, आणि तुझी बाही वर सरकली. आमचे मेकअपवाले वळ नेहमी गालावर काढतात, जांभळे, कॅमेऱ्याला दिसतील असे. तुझा पिवळट हिरवा होता आणि बाहीच्या आत होता. आ वासून बसले होते, विचारताही येईना. तू कवळी काढलीस आणि मी विचारलं. तू म्हणालीस, कपाटाचं दार लागलं. मी म्हटलं, दाराला बोटं नसतात. मग तू सगळं सांगितलंस आणि तो फिरतीवरून परतायच्या आत टॅक्सी मीच बोलावली. त्यालाही मी ते लपवलं नाही. बरेच दिवस त्यानं माझ्याशी अबोला धरला होता. प्लास्टर घातल्यावर तो सुटला.

त्याच बुधवारी सेटवर माझा पदर पसरायचा प्रसंग होता; या खेपेला तो लांबवून पुढच्या आठवड्यात दाखवायचा होता. नायिकेच्या भाड्याच्या खोलीचा सेट लावलेला, एक खाट, एक टेबल, खिडकीत कुंडी. मला तुझीच खोली आठवली, तू फोटो पाठवला होतास ती. मी लेखिकेला म्हटलं, बदल हे. नायिकेला दवाखान्यात जाऊ दे, डॉक्टरांना विचारू दे, त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवू दे आणि चारच्या पाळीला छापखान्यात परत जाऊ दे. माणुसकीही राहील आणि पोरगीही राहील. तिचे डोळे चमकले, पण निर्माता म्हणाला, बाई, लोकांना जोडी हवी आहे. मी म्हटलं, मग पदर दुसऱ्या कुणाचा तरी शोधा. त्याला वाटलं मी पैसे वाढवून मागतेय. दिग्दर्शकानं माझी मनधरणी केली, खळीवाला तर पाया पडला. मी कपडे बदलून बाहेर आले. सोमवारपासून माझ्या जागी दुसरी बाई येईल, माझाच चष्मा लावून, आणि पदर तीच पसरेल. चांगली नटी आहे, पण रडताना नाक फार ओढते.

तेव्हा त्या रविवारी तू येऊ नकोस. त्याचा पाय मी बघते, हाड जुळेपर्यंत आणि नंतरही. तुला त्याला बघावंसंच वाटलं तर नातेवाईक येतात तशी ये, चार फळं घेऊन ये, विचारपूस कर आणि संध्याकाळच्या गाडीनं स्वतःच्या खोलीवर परत जा. मी स्टेशनवर सोडायला येईन. ज्या दिवशी तो उसनं काही न बोलता, काय केलं ते तुझ्यासमोर नाव घेऊन सांगेल, त्या दिवशीही परत यायचं की नाही ते तूच ठरवायचंस. तिथे माझा, त्याचा, कुणाचाच शब्द चालणार नाही. आणि पुढे कधी कुणी अधिकाऱ्यानं विचारलं की या घरात काय झालं, तर मी बघितलं ते सांगेन. मुलाची आई म्हणून सांगेन, म्हणजे कुणाला शंका राहायला नको.

आता हे पत्र का लिहिलं ते. हे मला त्यानंच लिहायला बसवलंय. काल म्हणाला, आई, तिचा तुझ्यावर फार जीव आहे, तुझ्याकडे शब्द आहेत, तू लिही, ती नक्की येईल. माझ्या हातात पेनही त्यानंच दिलं. आत्ताही बाहेरच्या खोलीतून दोनदा विचारून झालं, झालं का गं लिहून? मालिकेत आई बदलते तेव्हा घरातल्या एकालाही पत्ता लागत नाही. मुलगा नव्या बाईला त्याच सुरात आई म्हणतो आणि चहा मागतो. आमच्या घरी मात्र आज लागेल. पाकीट चिकटवण्याआधी मी बाहेर जाऊन टीव्ही बंद करणार आहे आणि हे पत्र त्याला पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. मग चपला घालून मीच ते पेटीत टाकून येईन. कवळी तुझ्या हातची आहे, घट्ट बसलीय, एकही शब्द अडखळणार नाही.

तुझीच,
अहो आई