पान आणि बेडूक

सूनबाई,

शेजारच्या काकांबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातोय. प्रोजेक्टरचा रिमोट तू हौसेने माझ्या फोनमध्ये घालून दिलास. पण मला आता सगळं धुरकट दिसतं. जुन्या रिमोटची बटणं निदान बोटांना सापडायची, या काचेवर हाताला काहीच लागत नाही.

काल शिकवणीच्या पोरांना भिंतीवरचं चित्र दाखवत अर्धा तास झाडाचं पान समजावलं. एरवी खिदळणारी पोरं, पण कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटी चिंगी कानाशी येऊन म्हणाली, "आजोबा, भिंतीवर बेडूक आहे. पण राहू द्या, आम्हाला पान कळलं."

पाचला पोरं येतील. फोन टेबलावर आहे, चित्रं तूच सरकव. आजोबा कधी शिकवणार, असं विचारतील. काय सांगायचं, मला सुचत नाही. तुला सुचलं, तर मलाही सांग.

बाबा