अरुंधती ऊर्फ कांचन

१४ एप्रिल १९८३, गुढीपाडवा, लखनऊ
सुमुहूर्तावर सूनबाईंच्या कॅनडाच्या अर्जास आरंभ केला. चि. नंदकुमार टोरोंटोहून पत्नीस स्पॉन्सर करीत आहे; इकडचे कागद मी पाहणार. सूनबाई म्हणाली, "बाबा, मैं भर लूँगी ना." मुलगी झाशीची; मराठी समजते, बोलते हिंदी. तिला सांगितले, रेल्वेत तीस वर्षे ड्राफ्टिंग केले आहे. आठवड्याभरात अर्ज दिल्लीस पोहोचेल.

२९ एप्रिल
अर्ज अद्याप घरीच. दोष माझा नव्हे. विवाहाच्या माहितीसाठी फॉर्मात अवघ्या दोन ओळी. शास्त्रात विवाहाचे प्रकार आठ. हा ब्राह्मविवाह, हे परकीयास दोन ओळींत कसे कळावे? चार पाने टंकलिखित करून जोडली. आमची सौ. सुनीती म्हणाली, "अहो, हे दोघं खरोखर नवराबायको आहेत ना, एवढंच त्यांना हवंय." विषयाच्या मुळाशी जाण्याची सवय सर्वांनाच नसते.

३ मे
प्रश्न: अन्य कोणत्या नावाने ओळखले जाता काय? उत्तर दिले: नाही. सुनीती म्हणाली, "पासपोर्टवर कांचन आहे. ऊर्फ लिहा की." ऊर्फ हा शब्द चंबळच्या दरोडेखोरांना शोभतो. लग्नात ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने 'अरुंधती' हे नाव मी लिहवून घेतले. विवाहनोंदणीतही तेच घातले. गोत्र बदलले, नाव बदलले. कांचन त्या क्षणीच संपली. पासपोर्ट माहेरचा, जुना. अर्ज रजिस्टर पोस्टाने धाडला. असत्य एक अक्षर नाही, याचे समाधान.

११ जुलै
सूनबाई भावासोबत दिल्लीस कॅनडाच्या वकिलातीत मुलाखत देऊन परतली. अर्ज अडला. साहेबांनी विचारले, पासपोर्ट कांचनचा, नवऱ्याने बोलावले आहे कांचनला; मग त्याचे लग्न जिच्याशी लागले ती अरुंधती कोण, आणि ती आहे कुठे? सूनबाईने सांगितले, नाव सासऱ्यांनी ठेवले. या नावाने हाक कोण मारते? ती म्हणाली, "कोई नहीं."
माझी चार पाने त्यांनी वाचली नसावीत.
सुनीतीला म्हटले, निदान मी तरी त्या नावाने हाक मारतो. ती म्हणाली, "पाहुण्यांसमोर. एरवी चहा हवा असला की कांचन."

१८ जुलै
नंदकुमारचा ट्रंक कॉल. म्हणाला, "बाबा, ॲफिडेव्हिट पाठवा. बाकी काहीही लिहू नका, प्लीज." त्यास अरुंधती या नावाचे माहात्म्य सांगू लागलो, तोच लाइन तुटली. हल्ली लाइनी फार खराब.
सूनबाई जेवायला आली नाही. जपास बसलो, माळ हातात नुसती फिरत राहिली. लज्जा वाटली, ती प्रामुख्याने सरकारी फॉर्मांच्या रचनेची.

२ ऑगस्ट
सुनीतीसह कैसरबागेत, कचहरीत. वकील दीक्षितजींनी हलफनामा, म्हणजे ॲफिडेव्हिट, सांगून टाइप करविला: कांचन उर्फ अरुंधती. 'उर्फ'ला आक्षेप घेतला. ते म्हणाले, "पंडितजी, कनाडा बहू भेजनी है कि व्याकरण?"
मग म्हणाले, नाव बदलण्याचा तुमच्यात रिवाज आहे, हे घरच्या उदाहरणाने दाखवा. "माताजी का शादी से पहले क्या नाम था?"
सुनीती हे नावही मीच ठेवलेले. त्याआधीचे सांगण्यास तोंड उघडले. चष्मा पुसला. प्रश्न पुन्हा विचारण्यास सांगितले. त्यांनी पुन्हा विचारला. टायपिस्टची बोटे थांबलेली.
मागच्या बाकावरून सुनीती म्हणाली, "मधुमती."
टायपिस्टने ते टाइप केले. खाली ओळ होती: उपरोक्त सर्व माझ्या निजी माहितीनुसार सत्य आहे. तेथे मी सही केली.
रिक्षात मी उकाड्याविषयी बोललो.

२१ सप्टेंबर
व्हिसा आला. कांचनच्या नावाचा. तिने नमस्कार केला. आशीर्वादात नाव घेण्याचे टाळले.
सुनीतीला हे सांगावयास स्वयंपाकघराकडे गेलो. ती पाठमोरी होती. काय म्हणून हाक मारावी, ते दारात उभे राहून बराच वेळ ठरेना.
शेवटी 'अगं' म्हटले.