बुवाचं पत्र

मंगळवार, १४ तारीख
दुपारचे तीन

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. बहात्तर वर्षांच्या बाईला टिल्लू म्हणू नये हे मला कळतं, पण आता नवीन नाव शोधायला वेळ नाही. तुझी तब्येत बरी असेल. माझी आहे तशीच. दात दोन गेले, चष्मा एकदा बदलला, आणि स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने तो आधीपेक्षा जास्त बिघडवून ठेवलाय. रात्रभर टपटपतो. वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणतात, त्यात ताल आहे. त्यांना म्हटलं, तुम्हीच घेऊन जा तो ताल.

फोनवर तू एवढं भरभरून बोललीस आणि मी नुसतं 'हो, हो' केलं, म्हणून तुला राग आला असणार. नाकावर राग तुझ्या लहानपणापासूनच. पण त्या दिवशी मला खरंच बोलता येईना. सकाळीच बातम्यांत ऐकलं होतं की बुवा गेला. चहा गॅसवर होता, तो उतू गेला तरी मी खुर्चीवरून उठले नाही.

'बुवा' हे नाव बाबांनी ठेवलेलं, आठवतं? ते लांब केस, तो झगमगीत कोट, आणि गाता गाता गिटार थेट हनुवटीपर्यंत उचलायची ती तऱ्हा. बाबा पेपर खाली करून विचारायचे, "काय म्हणतायत तुमचे बुवा आज?" आणि तू चिडून लाल. आता जगभरचे लोक त्याच्याबद्दल काय काय मोठं लिहितायत, आणि माझ्या डोक्यात मात्र बुवा म्हणजे बुवाच.

तर तुझं ते रविवारचं. सभागृहात त्याच्या चाहत्यांची सभा आहे, तुला बोलायला बोलावलंय, तू त्याचं पत्र वाचून दाखवणार आहेस, आणि नंतर ते पत्र सभागृहाच्या संग्रहाला देऊन टाकणार आहेस. मला पहिल्या रांगेत बसवणार आहेस. हे सगळं ऐकून दुसऱ्या कुणा बहिणीला आनंद झाला असता. माझी पाचावर धारण बसली.

टिल्लू, ते पत्र वाचू नकोस.

आता एवढं लिहिलंय तर पुढचं लिहायलाच हवं. मघाशी उठून नळाखाली दुसरी बादली ठेवून आले, कपाटातले टॉवेल पुन्हा घडी केले. वळसे घालून झाले.

सदुसष्ट साली सायकलवरून पडून तू पाय मोडून घेतलास. पंधरा वर्षांची होतीस. कमरेपर्यंत प्लॅस्टर, खिडकीशी पलंग. मामाने स्वतःची जुनी गिटार आणून दिली आणि तू दिवसभर तारा खाजवत बसायचीस. मग तू बुवाला पत्र लिहिलंस. करंगळी चौथ्या तारेपर्यंत पोचत नाही, बोटं दुखतात, सोडून देऊ का, असं विचारलंस. खाली 'टिल्लू' अशी सही केलीस, कारण खरं नाव तुला म्हाताऱ्या बाईचं वाटायचं. पत्र पेटीत टाकून मीच आले होते.

उत्तर येईना. तू रोज विचारायचीस, टपाल आलं का. दोन महिने झाले. तू जेवणात चमचा फिरवत बसायला लागलीस, गिटार पलंगाखाली ढकललीस. आई म्हणायची, हिच्या मनाने घेतलंय. मला ते बघवेना.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, विमा कंपनीत टायपिस्ट. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले की मी मशीनवर कागद चढवला. बुवाचं म्हणून तू फ्रेम करून ठेवलेलं ते पत्र मी लिहिलंय. सही तबकडीच्या वेष्टनावरून गिरवली, वीस कागद फुकट घालवून. फिरतीवर जाणाऱ्या एका सहकाऱ्याला पाकीट दिलं, तो परगावच्या पेटीत टाकून आला. आत काय लिहिलं, तर रोज दूध पी, आधी गृहपाठ मग सराव, आणि मोठ्या बहिणीचं ऐकत जा. एवढा मोठा गवई हे असलं लिहील का, असा प्रश्न तुला कधीच कसा पडला नाही? तू पन्नास वर्षं तुझ्या गिटारच्या वर्गातल्या प्रत्येक नव्या पोराला ते वाचून दाखवलंस. "बघा, एवढा मोठा माणूस, पण गृहपाठाला किती मान देतो!" एकदा मी मागे बसले होते. मला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि तू मला पाणी आणून दिलंस.

इथपर्यंतचं तुला मी कधीतरी हसत सांगितलंही असतं. तू दोन दिवस फुगून बसली असतीस आणि तिसऱ्या दिवशी फोन केला असतास. पण प्रकरण इथे संपत नाही.

माझं पत्र तुला मिळालं त्यानंतर महिन्याभराने त्याचं पत्र आलं. खरं. शनिवार होता, अर्ध्या दिवसाने घरी आले तर दारात पडलेलं. हाताने लिहिलेलं, अक्षर अगदीच गचाळ. मी जिन्यातच फोडलं. या पाकिटात ते घातलंय, तू स्वतः वाच. पाय मोडल्याचं वाचून वाईट वाटलं, असं आहे. करंगळीचं लिहून सांगता येत नाही, दाखवावं लागतं, असं आहे. नऊ तारखेला तुमच्या गावात कार्यक्रम आहे, चार वाजता मागच्या दाराशी ये, हे पत्र दाखव म्हणजे आत सोडतील.

मी वर आले तेव्हा तुझ्या उशीखाली माझं पत्र होतं. शेजारच्या तिघीचौघींना तू वाचून दाखवलं होतंस, पोटभर जेवायला लागली होतीस, गिटार पुन्हा मांडीवर आली होती. आता हे दुसरं पत्र कसं दाखवू? पहिलं खोटं आहे हे तुला कळलं असतं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत नऊ तारीख आली.

आता जे लिहिते ते मी कुणालाही सांगितलेलं नाही, मेलेल्या नवऱ्यालासुद्धा नाही. मला तो आवडायचा. तुला आवडायचा त्याहून कमी नाही. तुझा रेडिओ "बंद कर ती कटकट" म्हणून बंद करणारी मी, ऑफिसातून येताना तबकड्यांच्या दुकानाबाहेर त्याचं गाणं संपेपर्यंत उभी राहायचे. घरात मी कमावती, शहाणी, मोठी. मला कोण म्हणणार होतं की जा, तूही पत्र लिही?

नऊ तारखेला मी ऑफिसात जास्त काम आहे म्हणून सांगितलं आणि ते पत्र घेऊन गेले.

द्वारपालाने पत्र बघितलं आणि आत नेलं. लहानशी खोली, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, भिंतीला ओल. बुवा बनियनवर उभा राहून टेबलावर चादर पसरून शर्टाला इस्त्री करत होता. आधी कॉलर, मग डावी बाही. पुढे कधीही तो टीव्हीवर दिसला की माझी नजर आधी कॉलरवर जायची. दिसायला चित्रातल्यापेक्षा बुटका, नाक सर्दीने लाल.

"टिल्लू ना? पाय कसा आहे?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "बरा आहे."

दोनच शब्द, पण अजून ते माझ्या तोंडात आहेत. त्याने इस्त्री उभी केली, मला खुर्ची दिली, स्वतःची गिटार माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "दाखव बघू करंगळी." माझा डावा हात त्याने उलटा केला. बोटांची टोकं बघितली. मऊ होती माझी बोटं, तारेचा एक वळ नाही. त्याने त्यांवरून अंगठा फिरवून पाहिला.

मग म्हणाला, "जिची बोटं दुखतात ती कुठे आहे?"

रागावला नव्हता गं. रागावला असता तर बरं झालं असतं. मी खाली बघून म्हटलं, "बहीण आहे माझी. बाहेर गर्दीत उभी आहे." कारण तू होतीस. प्लॅस्टर निघून आठवडा झालेला, काठी घेऊन, दुसरा हात बाबांच्या खांद्यावर ठेवून पुढच्या फाटकाशी. तिकीट मिळालं नव्हतं, निदान गाडीतून उतरताना दिसेल म्हणून दुपारपासून ताटकळत होतीस.

तो म्हणाला, "मग आण की तिला. अर्धा तास आहे माझ्याकडे. मी इथेच आहे."

मी "आणते" म्हणाले आणि निघाले.

इमारतीला वळसा घालून कोपऱ्यापर्यंत आले. तू दिसलीस. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तुला आत न्यायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं, पहिलं पत्र, दुसरं पत्र, आणि मी तुझं नाव सांगून आत बसून आले ते. मी भिंतीला टेकून उभी राहिले. आता जाते, आता जाते, असं म्हणत होते. मग आतून वाद्यं जुळवल्याचा आवाज आला आणि मी घरी निघून आले. संध्याकाळी तू आलीस, म्हणालीस, "ताई, नाही दिसला गं." मी तुझे पाय शेकून दिले.

मी वाईट वागले, टिल्लू. लहान होते, घाबरले, हे सगळं खरं असलं तरी वाईटच वागले. माफी मागते. मिळेल असं धरून चाललेले नाही.

रविवारी काय वाचायचं, वाचायचं की नाही, ते तू ठरव. सभेत माझं नाव घेऊन सगळं सांगितलंस तरी मी तक्रार करणार नाही. तू बोलावलंस तर येईन, नाहीतर घरीच थांबेन. पण एक गोष्ट तुला आजच कळली पाहिजे, कारण आता ती सांगणारी मी एकटीच उरलेय. तू नेहमी म्हणतेस ना, "मी बाहेर तासन् तास उभी होते, त्याला काय त्याचं." त्याला होतं. तो आत खुर्ची रिकामी ठेवून तुझी वाट बघत होता.

तुझ्या जागी आत जाऊन आलेली,
तुझी
ताई